दगडफुलातले धनी आणि दास

दोन वर्षांमागे एका सत्कारसमारंभात एका वक्त्याने दगडफुलाचा दाखला दिला. बुरशी आसरा देते, शैवल अन्न देते. ज्याने त्याने नेमून दिलेले काम केले की सारे सुखाने नांदते. मग चातुर्वर्ण्याने काय वेगळे सांगितले? टाळ्या पडल्या. मी बेलपाड्यात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. सभेला आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने परतताना विचारले, "सर, हे खरं आहे का?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, पाहिले, ते येथे मांडतो.

दगडफूल आपल्या ओळखीचे आहे. गोड्या मसाल्यात पडते ते. पण ते फूल नव्हे, आणि एक जीवही नव्हे. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यात शैवलाच्या किंवा नीलहरित जीवाणूंच्या पेशी असतात. बुरशीला हरितद्रव्य नाही, म्हणून तिचे अन्न या पेशी तयार करतात. शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून, हवेतून घेते, त्यामुळे विषारी वायूही त्यात सहज शिरतो. शहराच्या हवेत शैवाके नाहीशी होतात हे विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात पाहून १८६६ साली नोंदवले. दुसऱ्याच वर्षी, १८६७ साली, श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने शैवाक हा दुहेरी जीव असल्याचे मांडले. बुरशी ही धनी आणि शैवल तिचे दास, अशी उपमा त्याने दिली. नायलँडर यांच्यासारख्या जाणत्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे १८७९ साली डी बारी यांनी 'सहजीवन' ही कल्पना रूढ केली. त्यांच्या व्याख्येत परोपजीवीपणाही बसत होता, हे आमच्या वक्त्यांच्या गावी नव्हते.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया पुण्यात घातला गेला. शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने १९४६ साली स्थापन झालेल्या विज्ञानवर्धिनी संस्थेत (१९९२ पासून आघारकर संशोधन संस्था) डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी पश्चिम घाटातील शैवाकांचा अभ्यास उभा केला. डॉ. उर्मिला मखिजा आणि डॉ. भारती आडावदकर यांनी तो पुढे नेला. हे काम दिसायला साधे, करायला चिवट. छिन्नीने सालीसकट नमुना काढायचा, पात्याने पातळ काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, पोटॅशचा थेंब टाकून रंग बदलतो का पाहायचे. एका जातीचे नाव पक्के व्हायला असे कित्येक नमुने पालथे घालावे लागतात. त्यांच्या अभ्यासात ग्राफिस ही प्रजाती होती. झाडाच्या सालीवर तिच्या काळ्या रेघा लिपीसारख्या उमटतात. ग्रीक भाषेतल्या 'लिहिणे' या शब्दावरून तिला नाव मिळाले. अक्षरांपासून दूर ठेवलेल्या लोकांच्या आम्हा मुलांना हे नाव जवळचे वाटावे, यात नवल नाही.

आता वक्त्यांच्या दाखल्याकडे येऊ. ग्राफिसमध्ये राहणारे ट्रेंटेपोलिया हे शैवल कोकणात ओलसर भिंतींवर, झाडांच्या खोडांवर नारिंगी थर होऊन एकटेही वाढते. शैवाकातली बुरशी मात्र निसर्गात सहसा एकटी सापडत नाही. म्हणजे दासाचे धन्यावाचून चालते, धन्याचे दासावाचून चालत नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. शैवाकावर जगणाऱ्या निराळ्या बुरशी आहेत; त्यांच्या सुमारे २,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही आश्रयदात्याला मारतात, काही त्याला फारसा धक्का न लावता राहतात. काही शैवाके तर कोवळेपणी दुसऱ्या शैवाकात शिरून त्याचे शैवलच बळकावतात. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या बाह्यत्वचेत आणखी एक बुरशी, यीस्टच्या रूपात, असल्याचे दाखवले. दोघांचा म्हणून सांगितलेला संसार तिघांचा निघाला.

मग या पसाऱ्यातून आपण काय उचलायचे? लूट उचलली तर सावकारीचे समर्थन होईल, सहकार उचलला तर वर्णाचे. दासाचे एकट्याने चालते, एवढेच उचलून मीही टाळ्या मिळवू शकतो. पण ती त्या वक्त्यांचीच चूक होईल. शैवल जन्माने शैवल असते; ते बुरशी होऊ शकत नाही. माणूस मात्र शिकून काहीही होऊ शकतो, आणि त्याला ते होऊ न देणारा कायदा निसर्गाने नव्हे, माणसाने केला. जात म्हणजे केवळ कामाची वाटणी हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच खोडून काढला; तिथे कामाबरोबर माणसेच वाटली जातात, हे त्यांनी दाखवले.

बेलपाड्याच्या नावाचे मेट्रो स्थानक २०२३ साली सुरू झाले. तिथून थोडे चालत गेले की एक जुना आंबा आहे. त्या विद्यार्थ्याला मी तिथे नेले आणि भिंग हातात दिले. खोडावरच्या रेघा तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, यात चातुर्वर्ण्य कुठं दिसत नाही."

दिसणार नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते.