गळतं भांडं, बोल पाण्याला

टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला अमरिलो नावाचं शहर आहे. तिथल्या अमरिलो कॉलेजात मारिया नावाची एक विद्यार्थिनी आहे. ती दोन नोकऱ्या करते, तिच्या पदरी मूल आहे, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच, आणि एवढ्यातून अभ्यासाला उरतो तो अर्धवेळ. हजेरीपटावर शोधलं तर मात्र मारिया सापडत नाही. आपल्याकडे येणारा विद्यार्थी नेमका असतो कसा, हे पाहायला कॉलेजने सगळी माहिती एकत्र मांडली. तेव्हा जो चेहरा समोर आला, त्याला ठेवलेलं हे नाव. कामाच्या वेळा ठरवायच्या असोत, अर्जाचा नमुना बदलायचा असो की फी भरायची मुदत, पहिला प्रश्न हाच: मारियाला हे झेपेल का?

हा साधा प्रश्न विचारायला अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांना शंभर वर्षं लागली. त्या शतकाचा आणि त्यानंतरच्या धडपडीचा हा आढावा.

उघडं दार

१९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सहा विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू झाला. गावातल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची ही कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षं मुलांनी गावातच राहून शिकावीत आणि मग विद्यापीठात जावं. तेच आजचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक दोन-वर्षीय कॉलेज. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं, आणि युद्धावरून परतलेले सैनिक, कामगार, गृहिणी अशा सगळ्यांसाठी जागोजागी ही कॉलेजं उभी राहिली.

आज अशी हजाराच्या वर कॉलेजं आहेत. प्रवेशपरीक्षा नाही, गुणांची अट नाही. सार्वजनिक कॉलेजाची वर्षाची सरासरी फी चार हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे विद्यापीठाच्या मानाने किरकोळ. अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हे दार ओळखीचं आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे एच-४ व्हिसावर गेलेली एखादी इंजिनिअर मुलगी एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात अकाउंटिंगचा कोर्स करते. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात दोन वर्षं काढून कुणाचा मुलगा पुढे बर्कलीला जातो. पण अशांच्या मागे घर असतं, गाडी असते, अर्ज भरून देणारे आईवडील असतात. मारियाच्या मागे कुणी नसतं, आणि या कॉलेजांत मारिया जास्त आहेत.

भांडं की पाणी?

दार उघडं होतं, पण आत आलेली माणसं राहत नव्हती. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर दहांतल्या आठजणांना पुढे जाऊन चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात तिघांच्या आसपास विद्यापीठापर्यंत पोचतात, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते ती शंभरातल्या सोळाजणांच्या.

याला इंग्रजीत 'ड्रॉपआउट' म्हणतात. त्या शब्दात बाहेर पडणारा विद्यार्थी असतो. पडला तो, चूक त्याची. आपल्याकडे म्हणतात 'गळती'. गळती लागते ती घागरीला, छपराला, नळाला. पाणी गळकं आहे असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्राला या साध्या मराठी शब्दापर्यंत यायला फार मोठा वळसा पडला. अर्थात शब्द बरोबर असला म्हणून आपण शहाणे ठरत नाही. 'गळती' म्हणता म्हणता आपणही पोरालाच नालायक ठरवतो.

त्या वळशावरचा पहिला मैलाचा दगड १९६० सालचा. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून एक बोचरा निष्कर्ष मांडला. ही कॉलेजं मोठी स्वप्नं घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला सरळ नाही म्हणत नाहीत. आधी एखादी चाचणी, मग समुपदेशकाची भेट, मग 'तुला हा छोटा अभ्यासक्रम जास्त बरा' असा सल्ला. असं करत करत त्याच्या आकांक्षेला हळूहळू थंड करतात. 'थंड करणं' हा शब्दप्रयोग मुळात ठकांच्या टोळीतला. लुबाडलेल्या माणसाने बोभाटा करू नये म्हणून त्याची गोड बोलून समजूत काढायची, ते काम. अर्व्हिंग गॉफमन यांनी तो समाजशास्त्रात आणला आणि क्लार्क यांनी कॉलेजला लावला.

१९७५ साली व्हिन्सेंट टिंटो यांनी दुसरी दिशा दाखवली. आत्महत्येचा संबंध माणसाच्या समाजाशी तुटलेल्या नात्याशी जोडणाऱ्या एमिल दुर्खाइम यांच्या विचाराचा आधार घेऊन ते म्हणाले, की विद्यार्थी कॉलेज सोडतो तो तिथल्या अभ्यासात आणि माणसांत मिसळला नाही म्हणून. हा सिद्धांत पुढे पाठच झाला. अडचण एवढीच, की त्यात वसतिगृहात राहणारा तरुण गृहीत धरलेला होता. मारिया मिसळणार कधी? तास संपला की ती गाडी काढून दुसऱ्या नोकरीवर जाते.

मोजणीचा घोळ

किती गळतंय हे कळायला मोजावं लागतं. १९९० साली अमेरिकी संसदेने कायदा करून कॉलेजांना पदवीपूर्तीचा आकडा जाहीर करायला लावलं. पण मोजायचे कोण? पहिल्यांदाच आलेले आणि पूर्णवेळ शिकणारे. कम्युनिटी कॉलेजातले जवळजवळ दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ असतात, म्हणजे ते त्या हिशेबातच नव्हते. वर पैशाचं गणितही वेगळंच. बहुतेक राज्यं ठरलेल्या दिवशी पटावर किती डोकी आहेत हे पाहून अनुदान देत. डोकी मोजून झाल्यावर विद्यार्थी राहिला काय नि गेला काय, तिजोरीला फरक पडत नसे.

२००४ साली लुमिना फाउंडेशनच्या पुढाकाराने 'अचीव्हिंग द ड्रीम' ही चळवळ सुरू झाली. कॉलेजने आपलेच आकडे उघडून पाहावेत, कुठल्या विषयात, कुठल्या समाजगटातले विद्यार्थी गळतात ते शोधावं आणि उपाय करावा. पहिल्या २६ कॉलेजांचा पाच वर्षांनंतरचा हिशेब २०११ साली आला. उपक्रम पुष्कळ झाले होते, आकडे पाहायची सवयही लागली होती. पण एकूण निकाल फारसे हलले नव्हते. बहुतेक उपक्रम मूठभर विद्यार्थ्यांपुरते होते. एका कोपऱ्यात शिकवणी केंद्र, दुसऱ्यात मार्गदर्शन शिबिर, तिसऱ्यात सल्ला कक्ष. ठिगळं खूप लागली, पण घागर तीच.

शून्याखालच्या पायऱ्या

सर्वांत मोठं भोक सापडलं ते दाराशीच. प्रवेश सगळ्यांना, पण आल्याबरोबर गणिताची आणि इंग्रजीची चाचणी. त्यात कमी पडलं की 'रिमीडियल' वर्गात रवानगी. एक सत्र, दोन सत्रं, कधी तीन. फी पूर्ण, श्रेयांक शून्य. मुख्य गणिताच्या वर्गापर्यंत यायच्या आधीच बरेचजण निघून जात. त्यात चाचणीही भरवशाची नव्हती. अर्थतज्ज्ञ ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासात दिसलं, की गणितात सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी चुकीच्या पायरीवर बसवले जात होते.

टेनेसी राज्याने २०१५ साली या पायऱ्याच काढल्या. कच्च्या विद्यार्थ्याला थेट मुख्य वर्गात बसवायचं आणि त्याच सत्रात जोडीला जास्तीचा तास द्यायचा. पूर्वी अशा विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात कॉलेजचं गणित पार करणारे शंभरात बारा असत. ते पन्नासच्या पुढे गेले. ११६ कॉलेजांच्या कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदाच केला, की शाळेतले गुण पाहून विद्यार्थ्याला शक्यतो थेट मुख्य वर्गात घ्यावं. नापास होणारेही वाढले, ही प्राध्यापकांची तक्रार तेव्हापासून चालू आहे आणि ती खोटी नाही. पण आधी जे दारातच अडत, ते निदान आत येऊन परीक्षेला बसू लागले.

ताट वाढलेलं बरं

२०१५ साली थॉमस बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांचं अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या फेररचनेवरचं पुस्तक आलं. तिघंही कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या संशोधन केंद्राशी जोडलेले. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले ते कोलंबिया हेच. लेखकांनी जुन्या पद्धतीला 'कॅफेटेरिया' म्हटलं. शेकडो विषय मांडून ठेवलेले, ज्याने त्याने उचलावेत. ज्याला खाण्याची सवय आहे तो बरोबर उचलतो. मारिया मात्र तीन सत्रांनंतर पाहते तर घेतलेले निम्मे विषय पुढच्या पदवीला धरलेच जात नाहीत. उपाय म्हणून त्यांनी आखीव वाटा सुचवल्या. आधी क्षेत्र निवडायचं, मग कुठल्या सत्रात काय घ्यायचं हे मांडलेलं. थोडक्यात, पाहुण्याला स्वयंपाकघर दाखवण्यापेक्षा ताट वाढावं.

बोलायला सोपं. करायला गेलं की विषयवाटपावरून विभागांची भांडणं, वेळापत्रकावरून भांडणं. कुणाचा विषय ताटात आणि कुणाचा बाहेर, हा कुणाच्या तरी नोकरीचा प्रश्न असतो.

मेट्रोकार्डाची करामत

आढाव्यातला सर्वांत ठळक दाखला न्यूयॉर्कचा. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली 'असॅप' हा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. बदल्यात शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, सोयीच्या वेळा, शिकवणी आणि एक सल्लागार. इतरत्र एका सल्लागाराकडे सहाशे ते दीड हजार विद्यार्थी असत, इथे साठ ते ऐंशी. शिवाय दर महिन्याला मेट्रोचा पास. तो पास पोस्टाने घरी येत नसे. महिन्याला सल्लागाराला भेटलं की मिळे.

एमडीआरसी या संशोधनसंस्थेने सुमारे नऊशे विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून याची परीक्षा घेतली. तीन वर्षांत कार्यक्रमातले ४० टक्के उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, नेहमीच्या व्यवस्थेतले २२ टक्के. दरडोई खर्च तीन वर्षांत सोळा हजार डॉलरनी जास्त; पण उत्तीर्णच इतके वाढले, की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. 'न्यूयॉर्कचं न्यूयॉर्कमध्ये' असं म्हणणाऱ्यांसाठी ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तेच करून पाहिलं. तिथे प्रमाण १९ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेलं.

फोर्ट वर्थ इथल्या टॅरंट काउंटी कॉलेजातला प्रयोग याहून सूक्ष्म. तिथे तीन गट केले. एका गटाला अडीनडीला पैसे आणि पाठीशी एक समाजसेवक, दुसऱ्याला फक्त अडीनडीला पैसे, तिसऱ्याला नेहमीचंच. नुसते पैसे मिळालेल्या गटात फरक पडला नाही. समाजसेवक मिळालेल्या स्त्रियांमध्ये मात्र पदविका पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी वाढलं. पुरुषांच्या बाबतीत तसं दिसलं नाही, हेही नोंदवायला हवं. पण पैशाची पिशवी आणि पाठीशी उभं असलेलं माणूस यांतला फरक त्या प्रयोगाने लख्ख दाखवला.

धागा कुणाच्या हाती?

मारिया एका दिवसात कॉलेज सोडत नाही. तिसऱ्या आठवड्यात गाडी बिघडते, दोन तास बुडतात. हे पाहतो प्राध्यापक. मदतीच्या अर्जातला एक कागद राहिलेला असतो, ते कळतं आर्थिक मदतीच्या खिडकीला. जुनी थोडी बाकी असल्याने पुढच्या सत्राची नोंदणी अडते, हे माहीत असतं हिशेबखात्याला. पाळणाघर बंद पडलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक खिडकीने आपापलं काम चोख केलेलं असतं. मारिया गळते ती दोन खिडक्यांच्या मधल्या जागेतून, आणि ती जागा कुणाच्याच नावावर नसते.

समन्वय म्हणतात तो या मधल्या जागेचा. त्यावर बऱ्याच कॉलेजांनी पहिला उपाय केला तो समितीचा, दुसरा सॉफ्टवेअरचा. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींवर रोज नजर ठेवून धोक्याचे शेकडो इशारे देणारी यंत्रणा उभारली. २०१६ साली पेरिमीटर हे दोन-वर्षीय कॉलेज त्याच विद्यापीठात विलीन झालं. या यंत्रणेचं नाव देशभर झालं, पण इशाऱ्यांपाठोपाठ त्यांनी सल्लागारांची मोठी भरतीही केली, हे सांगायला लोक विसरतात. ज्यांनी नुसती यंत्रणा विकत घेतली, त्यांच्याकडे घंटा वाजते आणि उठून बघायला कुणी नसतं. शिवाय घंटा वाजवायची कुणी? कम्युनिटी कॉलेजातले जवळपास दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ, आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखे. एका कॉलेजातला तास संपवून ते दुसऱ्या कॉलेजच्या रस्त्याला लागलेले असतात.

अमरिलोने वेगळी सुरुवात केली. काय आड येतं, हे विद्यार्थ्यांनाच विचारलं. वरच्या क्रमांकाची कारणं वर्गाबाहेरची निघाली: घरभाडं, जेवण, गाडी, पाळणाघर, वीजबिल. मग कॉलेजने एकाच छताखाली मदतकेंद्र काढलं, धान्याचं कपाट ठेवलं, आणि सोळा आठवड्यांची सत्रं मोडून आठ-आठ आठवड्यांची केली. मूल आजारी पडलं तर अर्धं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. २०२३ साली कम्युनिटी कॉलेजांसाठीचा मानाचा अ‍ॅस्पेन पुरस्कार त्यांना कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅली कॉलेजसोबत विभागून मिळाला.

आपल्या अंगणात

हे सगळं आपल्याला नवं आहे असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं, तेव्हा पोटाची आणि पाटीची व्यवस्था त्यांनी एकाच हाती ठेवली होती. आता नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षाने बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका अशी सोय केली आहे. पुन्हा परतता यावं म्हणून श्रेयांकांची बँकही आहे. ज्याला नाइलाजाने जावंच लागतं, त्याच्यासाठी ही दयाळू व्यवस्था आहे. पण क्लार्क यांनी १९६० साली सांगितलेली समजूत काढण्याची रीत इथेही शिरू शकते. गळतीला 'निर्गमन' म्हटलं की आकडा लगेच सुधारतो, आणि घागर तशीच राहते.

म्हणून कुठल्याही कॉलेजच्या प्राचार्यांना एकच प्रश्न विचारून पाहावा. तिसऱ्या आठवड्यात एखादी मुलगी सलग चार दिवस आली नाही, तर तिला फोन कोण करतं? उत्तरात समितीचं नाव आलं, तर फोन झालेला नाही असं समजावं. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: अशा किती मुली त्या एकट्याच्या वाट्याला दिल्या आहेत?