पेंटशॉपमधला पृष्ठताण

भौतिकशास्त्राच्या तासाला पृष्ठताण दाखवायचा म्हटलं की दाढीचं ब्लेड आलंच. पाण्यावर टिश्यू पेपरचा तुकडा, त्यावर ब्लेड. कागद भिजून तळाला जातो आणि पाण्याच्या जवळजवळ आठपट घनतेचं पोलाद वरच राहतं. मुलं खूश होतात, तास संपतो. माझ्या मते तिथे तो सुरू व्हायला हवा.

‘पाण्यावर साय असते’ असं सांगून सुटका होते खरी, पण साय वेगळी काढता येते, ही येत नाही. पाण्याच्या आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी ओढतात. वरच्या रेणूला वरून ओढणारं जवळपास कुणी नाही. म्हणून पृष्ठभाग आक्रसून राहू पाहतो. ब्लेडच्या भाराने तो दबतो आणि कडेने ब्लेडला वर उचलून धरतो: कडेच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ७३ मिलिग्रॅमच्या आसपास. मुलांना ब्लेडची कड मोजू द्या, ब्लेड तोलू द्या, गुणाकार फळ्यावर येऊ द्या. मग साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. ताण निम्म्याहून खाली येतो, ब्लेड बुडतं.

पुण्याजवळच्या आकुर्डीच्या वर्गात याच्या पुढे जाता येतं. इथे घरोघरी कुणीतरी कंपनीत असतं. भोसरी-चाकणच्या पेंटशॉपमध्ये रंगाआधी जॉबवरचं, म्हणजे रंगवायच्या धातूच्या भागावरचं, तेल काढतात. ते पुरतं निघालं का, हे बघायची जुनी, बिनखर्चाची रीत म्हणजे ‘वॉटर ब्रेक टेस्ट’. जॉब पाण्यातून काढून उभा धरायचा. धातू स्वच्छ असेल तर पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो. तेल राहिलं असेल तिथे तो फाटतो, पाणी थेंब करून बसतं, कारण धातू पाण्याला ओढून घेतो आणि तेल घेत नाही. तिथे रंगही नीट धरत नाही.

तेलकट पाण्याकडे असं बारकाईने बघितलं ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी. बायकांना विद्यापीठाची दारं बंद असताना, घरच्या स्वयंपाकघरात. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी त्यांचं पत्र १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापवून आणलं.

वर्गात पत्र्याचे दोन तुकडे पुरतील: एक घासून स्वच्छ केलेला, दुसऱ्यावर तेलाचं बोट. मात्र एक गोम आहे. धुण्याचा साबण पत्र्यावर राहिला तर पाणी तेलावरूनही गुमान पसरतं आणि खराब जॉब पास होतो. म्हणून चाचणीआधी साध्या पाण्याने खळखळून धुतात.