आईला बसायला जागा

२०१६ साली आम्ही डोंबिवलीच्या घराचं ‘इंटिरिअर करून घेतलं’. डेकोरेटरने संगणकावर चित्रं दाखवली आणि तीन महिन्यांत आमचा हॉल हुबेहूब त्या चित्रासारखा दिसू लागला. पांढरी चकचकीत लादी, पांढऱ्या भिंती, खाली उतरवलेलं पीओपीचं छत, त्यात दडवलेले मंद दिवे आणि जमिनीला टेकलेला ठेंगणा सोफा. येणारा-जाणारा ‘वा!’ म्हणे. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

बाबा गेल्यावर, २०१९ च्या जूनमध्ये, आई गिरगावातली चाळीतली खोली सोडून आमच्याकडे आली. वय अठ्ठ्याहत्तर. आठवडाभरातच लक्षात आलं, की आई हॉलमध्ये बसतच नाही. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर तासन्‌तास बसून राही. ‘इथे बरी आहे गं मी,’ एवढंच म्हणे. लेकीच्या घरात ती पाहुण्यासारखी अंग चोरून वावरत होती, ते मला फार लागलं. मग जुलैत एका रात्री न्हाणीघराच्या दारातली दोन इंचांची पायरी तिला दिसली नाही. मनगट मोडलं. ‘अगं, सगळंच पांढरं. पायरी कुठे आहे तेच कळेना,’ ती म्हणाली, तेही जणू तिचीच चूक असल्यासारखं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. तेवढ्या दिवसांत मी वाचनालयातून गृहसजावटीची पुस्तकं आणून वाचून काढली. सगळीकडे तीच उजळणी. जागा, रेषा, आकार, रंग, प्रकाश आणि पोत हे घटक. समतोल, प्रमाण, लय, विरोध, उठाव, सुसंवाद ही तत्त्वं. शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवत, जवळपास तेच. पण आता प्रत्येक शब्दाशी मला आईचं मनगट आठवत होतं.

विरोधाचंच घ्या. पुस्तकातल्या चित्रात गडद भिंतीपुढे फिकट फुलदाणी असते. म्हातारपणी मात्र पाऊल कुठे पडणार, हे या विरोधावर ठरतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोचतो. आई तर अठ्ठ्याहत्तरची. ज्या मंद दिव्यांचं आम्हाला कौतुक, तो तिच्या लेखी अंधारच होता. दिवसा लादीवर उन्हाची तिरीप चमकली, की तिला तिथे पाणी सांडल्यासारखं वाटे आणि ती भिंतीचा आधार शोधे.

मला चाळीतली आमची वरच्या मजल्यावरची खोली आठवली. कौलांत एक कौल काचेचं होतं, बरोबर ओट्यावर उजेड पडेल असं बसवलेलं. काळ्या कडप्प्यावर सांडलेला तांदळाचा दाणाही दिसायचा. शहाबादी फरशी खरखरीत, ओल्या पायांनीही घसरायची भीती नाही. आणि उंबऱ्यावर आई रोज रांगोळीच्या दोन रेघा ओढायची. त्या देवाधर्मासाठी, हे खरं. पण रेघ दिसली की पाऊल आपोआप उचललं जायचं. प्रकाश, पोत, विरोध, सारं तिथे होतं. नव्हता तो फक्त डेकोरेटर!

मग मी मोजपट्टी घेतली. सोफ्याची बैठक जमिनीपासून १४ इंच, खोली २४ इंच, हात ठेवायला दांडे नाहीत. आईची उंची चार फूट दहा इंच. पाठ टेकवली तर पाय अधांतरी, पाय टेकवले तर पाठ अधांतरी. आणि उठायचं तर कोणीतरी हात द्यायला हवा. ती तिथे का बसत नव्हती, ते कळलं. उठवायला सारखं कोणाला हाक मारायची, याचा तिला संकोच होता. पुस्तकातलं ‘प्रमाण’ ते हेच.

लय आणि समतोल मी सोडून दिले. तसबिरी एका ओळीत नसल्या तरी कोणाचं हाड मोडत नाही.

प्लास्टर निघायच्या आत पायरीच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसली, न्हाणीघरात खरखरीत लादी आली. पलंगापासून तिथवरच्या वाटेत येणारा टीपॉय हलवला, तीन फूट वाट मोकळी केली आणि रात्रीसाठी जमिनीलगत एक छोटा दिवा लावला. हॉलमध्ये छताच्या मधोमध चांगली उजेड देणारी ट्यूबलाइट लावली. छताची शोभा गेली, असं आमच्या ह्यांचं अजूनही म्हणणं आहे. चाळीतून आणलेली दांड्यांची लाकडी खुर्ची माळ्यावर पडून होती, तिची बैठक बरोबर १७ इंच. ती पुसून खिडकीशी ठेवली.

त्या दिवाळीत पाहुणे आले, तेव्हा आई हॉलमध्ये त्या खुर्चीत बसून फराळाच्या बशा पुढे करत होती. मधेच स्वतःच उठून आत गेली, चकल्या घेऊन आली.

सोफा भाच्याने नेला. त्याचे गुडघे तेव्हा पंचविशीतले होते.