भाड्याच्या घरातल्या मुंग्या : ओटा आपला, भिंत मालकाची



बदली झाली की आपण शिक्षक मंडळी नवी खोली शोधायला निघतो. पाणी किती वेळ येतं, लाइटचा मीटर वेगळा आहे का, गाडी कुठे लावायची, एवढं सगळं विचारतो. घरात मुंग्या आहेत का, हे मात्र कुणी विचारत नाही. सामान लावून होत नाही तोवर साखरेच्या डब्याभोवती त्यांची रांग लागलेली असते. मालकीणबाईंना सांगावं तर उत्तर ठरलेलं, "आधीच्या लोकांच्या वेळी नव्हत्या हो!" म्हणजे मुंग्या भिंतीतल्या आणि अस्वच्छतेचा ठपका आपल्यावर. म्हणूनच या प्रश्नात आपलं काम कोणतं आणि मालकाचं कोणतं, हे आधी समजून घेऊ या.

ओट्यावर दिसते ती रांग म्हणजे वसाहतीचा छोटासा भाग. या सगळ्या कामकरी मुंग्या, अन्न शोधायला बाहेर पडलेल्या. राणी, अंडी, अळ्या आणि उरलेल्या कामकरी आत घरट्यात असतात. एखाद्या मुंगीला अन्न सापडलं की परत जाताना ती पोटातला एक वासाचा द्रव जमिनीला टेकवत जाते. बाकीच्या त्या वासावरून येतात, आणि येता-जाता त्याही तो वास पक्का करत राहतात. रांग सरळ दिसते ती यामुळेच. रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवून बघा. मुंग्या तिथे अडखळतात, इकडेतिकडे फिरतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा रस्ता जोडतात.

म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने मुंग्या झटकून काही होत नाही. रस्ता तसाच राहतो. साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने रांगेची पूर्ण वाट पुसा, अगदी भिंतीतल्या भोकापर्यंत. पुसण्याआधी एक काम मात्र नक्की करा. दहा मिनिटं शांत बसून त्या येतात कुठून ते बघा. खिडकीची चौकट, सिंकखालचा पाइप, मोरीचा कोपरा, फरशीचा सांधा यापैकी काहीतरी सापडतंच. त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

आता स्प्रेबद्दल. फवारा मारला की समोरच्या शंभर-दोनशे मुंग्या मरतात आणि आपल्याला समाधान वाटतं. पण घरट्यातली राणी अंडी घालतच असते. घरात दिसणाऱ्या बारीक पिवळसर मुंग्यांची एक जात आहे, फॅरो मुंगी, जेमतेम २ मिलिमीटर लांबीची. हिच्या एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने त्रास झाला की वसाहत फुटते, काही कामकरी एखादी राणी आणि अळ्या घेऊन दुसऱ्या फटीत संसार थाटतात. एका खोलीतल्या मुंग्या तीन खोल्यांत होतात त्या अशा. लाइटच्या बोर्डात मुंग्या शिरल्या असतील तर तिथे स्प्रे किंवा पाणी अजिबात मारू नका. वायरमनला बोलवा.

मग करायचं काय? मुंग्यांच्याच सवयीचा उपयोग करून घ्यायचा. मोठ्या झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही, ती फक्त पातळ अन्न घेते. ते अन्न पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठवून घरट्यात नेते आणि तोंडाने तोंडात इतरांना भरवते. म्हणजे हळूहळू परिणाम करणारं औषध गोडात मिसळून दिलं, तर ते राणीपर्यंत पोचतं. यासाठी बोरिक पावडर चालते. कॅरमवर टाकायला आपण जी वापरतो ती बऱ्याचदा हीच असते, पण डब्यावर ‘बोरिक’ लिहिलेलं आहे ना ते वाचून घ्या. पाव लिटर कोमट पाणी, तीन मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा त्यात भिजवून, बाजूला बारीक भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी रांगेच्या वाटेवर ठेवून द्या.

प्रमाण वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. औषध कडक झालं तर मुंग्या ते खात नाहीत, किंवा घरट्यात पोचण्याआधीच मरतात. पहिले एक-दोन दिवस मुंग्या उलट जास्त दिसतील, तेव्हा त्यांना मारायचं नाही आणि डबीजवळची वाटही पुसायची नाही. बाकी ओटा मात्र स्वच्छ हवा, कारण शेजारी गुळाचा खडा पडलेला असेल तर डबीकडे कोण येणार? बोळा वाळला की बदला. एक ते तीन आठवडे लागतात. एवढा धीर बहुतेकांना धरवत नाही, आणि उपाय फसतो तो बहुतेक इथेच.

बोरिक पावडर पोटात गेली तर माणसालाही विषारी असते. रांगतं मूल घरात असेल तर माझं स्पष्ट मत, हा उपाय करूच नका. पुसणं, झाकणं आणि फटी बुजवणं एवढ्यावर भागवा. तीच गोष्ट मुंग्यांच्या खडूची. त्यात कीटकनाशक असतं आणि दिसायला तो आपल्या फळ्यावरच्या खडूसारखाच. शिक्षकाच्या घरातलं पोर पांढरा खडू दिसला की उचलणारच! वापरायचाच असेल तर कुलपात ठेवा, आणि रेघ ओट्यावर कधीच ओढू नका.

जुना उपाय अजूनही उत्तम आहे. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत, जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर मुंग्यांना पृष्ठभागावरून चालून जाता येत नाही. पाणी मात्र आठवड्याच्या आत बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डेंग्यूचे डास येतील. हळदीची रेघ मुंग्यांना थोडा वेळ अडवते, घरट्याला काही होत नाही.

इथपर्यंतचं आपलं काम. भिंतीतली ओल, गळका पाइप, हललेली फरशी, चौकटीजवळची भेग हे घरमालकाचं. पावसाळ्यात जमिनीतल्या घरट्यांत पाणी शिरतं आणि मुंग्या कोरड्या जागेसाठी वर चढतात, त्यांना ही भेग म्हणजे दरवाजाच. आपण तात्पुरतं मेण किंवा चिकटपट्टी लावू शकतो. व्हाइट सिमेंट भरायचं तर आधी विचारा, नाहीतर घर सोडताना त्यावरून डिपॉझिट अडकायचं.

विचारताना तक्रारीचा सूर नको. "काकू, मुंग्या फार झाल्यात" म्हटलं की "तुम्ही गोड सांडत असाल" हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी, "काकू, मोरीच्या कोपऱ्यातली फरशी हललीय, खाली ओल आहे आणि मुंग्या तिथूनच येतात, हा फोटो बघा. गवंडी तुम्ही बोलावता की मी बोलावू?" असं म्हणा. बोलणं झाल्यावर तेच मेसेजवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांचा करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा असतो. तिथे करारात काय लिहिलंय त्याला महत्त्व येतं. म्हणून सही करण्याआधीच दुरुस्ती आणि पेस्ट कंट्रोलचा खर्च कुणाचा, ही ओळ घालून घ्या.

पहिल्या पावसानंतर घरात पंखवाले किडे निघाले तर नीट बघा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंग्या. कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे असतील तर ती वाळवी. वाळवी असेल तर मालकाला त्याच दिवशी कळवा, कारण नुकसान त्यांच्या चौकटीचं आणि आपल्या पुस्तकांचं, दोघांचंही आहे.

डबी ठेवण्याआधी मुंग्यांना काय आवडतं ते तपासायला हवं. कागदावर एका बाजूला साखरपाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट ठेवा आणि अर्ध्या तासाने कुठे जास्त मुंग्या आहेत ते मोजा. कुटाकडे गर्दी असेल तर साखरेचं औषध त्या फारसं घेणार नाहीत, तेव्हा तीच पावडर अगदी चिमूटभर, तेल सुटलेल्या कुटात मिसळावी लागते. औषधाशिवायचा हा कागदाचा प्रयोग चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला वऱ्हांड्यातही छान होतो. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि मग मोजायला लावा.