राधानगरीच्या पाण्यातला बेनझीर व्हिला

कोल्हापूरकरांना राधानगरी धरण म्हटलं की सात स्वयंचलित दरवाजेच आठवतात. पाणी 347.50 फुटांवर गेलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. पण याच जलाशयात पाण्याने वेढलेला एक संस्थानकालीन बंगला पडझडीत उभा आहे, बेनझीर व्हिला. तो कित्येकांना ठाऊकही नाही!

धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं, ते पूर्ण झालं 1950च्या दशकात. जलाशयाला नाव मिळालं महाराणी लक्ष्मीबाईंचं, लक्ष्मी तलाव.

व्हिला पुन्हा उभा करायचा तर आधी भिंतीत रुजलेली झाडं मुळासकट काढायला हवीत. नुसती फांदी छाटली की पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट फुटते. जुन्या चुन्याच्या बांधकामाला डागडुजीही चुन्याचीच हवी. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हे माझं कळकळीचं म्हणणं आहे, कारण आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट असंच होत आलंय.

शेजारी गव्यांचं अभयारण्य आहे, त्यामुळे व्हिला बघायला जाणाऱ्यांसाठी मोटरबोटी नकोतच. वल्ह्याची होडी, ठरावीक माणसं, सोबत स्थानिक नावाडी आणि वाटाडे, एवढं पुरे. पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरू नका, काठावरूनच बघा.