पीसीओडी आणि मुलीचं ताट

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’ आलं की अनेक घरांत पहिली गदा येते ती मुलीच्या ताटावर. भात बंद, दूध बंद, गोड बंद. वर पाळी यावी म्हणून पपई आणि तीळगूळ. इतकं करूनही पाळी आली नाही, तर ‘तोंडावर ताबा नाही’ हा शेरा ठरलेलाच. आहाराचा आणि पाळीचा संबंध खरा आहे. पण तो नेमका कसा आहे हे कुणी समजावून सांगत नाही, आणि मुली नको त्या गोष्टी सोडत राहतात.

हा संबंध मुख्यतः इन्सुलिनमुळे आहे. पीसीओएस (पीसीओडीसाठी डॉक्टर आता हे नाव वापरतात) असलेल्या बऱ्याच जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन अधिक बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत तयार करतं, तेही कमी होतं. त्यामुळे हनुवटीवर केस येतात, मुरमं हटत नाहीत आणि अंडाशयातलं बीज पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडल्यावरच प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होतं, आणि ते ओसरलं की पाळी येते. बीजच अडलं तर पाळीही लांबते. आहारातल्या बदलाचा उपयोग होतो तो या साखळीच्या पहिल्या कडीवर, म्हणून त्याला काही महिने लागतात.

‘अंडाशयात गाठी झाल्यात, पथ्याने विरघळतील,’ हे तर घरोघरी ऐकू येतं. त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका आहेत, आणि त्या विरघळवायच्या नसतात. नुसत्या सोनोग्राफीवर निदानही होत नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि सोनोग्राफीतलं चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचा दोष नाही हे तपासून. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नाहीत अशा मुलींचं निदान सोनोग्राफीवरून करू नये, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पहिल्या वर्षात पाळी मागेपुढे होणं स्वाभाविकच असतं. नववीतल्या मुलीला केवळ एका रिपोर्टवरून पथ्याला जुंपणं हा तिच्यावर अन्याय आहे.

साखरेऐवजी गूळ घेतला की प्रश्न सुटला, असंही मानलं जातं. गुळातही बहुतांश साखरच असते आणि शरीर तिला साखरेसारखंच वागवतं. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उलट ज्या भाताला घराबाहेर काढतात, तो बेताचा घेऊन सोबत मटकीची उसळ, पालेभाजी, ताक किंवा अंडं असेल तर साखर सावकाश चढते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यातही पिष्ट आहे. चार भाकऱ्या म्हणजे पथ्य नव्हे. कमी कार्बोहायड्रेट, कीटो यांसारखा कुठलाही एक आहार पीसीओएससाठी इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, हेही त्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेलं आहे. घरात सगळ्यांसाठी जे शिजतं त्यातूनच तिचं ताट नीट लावता आलं, तर ते वर्षानुवर्षं टिकेल.

वजनाच्या बाबतीत मात्र सर्वाधिक नुकसान होतं. जादा वजन असेल तर पाच ते दहा टक्के घटल्यानेही काहींची पाळी सुधारू शकते. सत्तर किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. पण हे ऐकून मुली रात्रीचं जेवण सोडतात, दिवस दिवस सरबतावर काढतात. शरीराला अन्न फारच कमी मिळू लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयाला जाणारे इशारे मंद करतो, आणि होती तीही पाळी थांबते. काही जणी बारीक असूनही त्यांना पीसीओएस असतो. त्यांना ‘वजन कमी कर’ सांगणं घातकच. चालणं, पोहणं, वजनं उचलणं यांनी काटा हलला नाही तरी पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं एवढा व्यायाम हवा.

दूध आणि गहू सरसकट सोडायला पुरावा नाही. सीलिॲक आजार असेल तर गहू सोडावाच लागतो. महिन्याचे अर्धे दिवस जवस आणि अर्धे दिवस तीळ खाण्याची टूम आहे. बिया पौष्टिक आहेत, पण त्यांनी पाळी नियमित होते असं म्हणण्याइतका आधार नाही.

पपई आणि ‘उष्ण’ पदार्थांनी पाळी आणता येते, याला भक्कम पुरावा नाही. त्यांची वाट पाहण्यात महिने जातात हा खरा धोका. प्रोजेस्टेरॉनशिवाय गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी आणि मग डॉक्टरांकडे जावं. त्यांनी गोळ्या दिल्या, तर आपलं पथ्य फसलं असं समजू नये. अस्तराचं रक्षण हे गोळ्यांचं काम आहे.

आणखी एक, जे लग्न झालेल्या मुलींनाही कुणी सांगत नाही. पाळी अनियमित आहे म्हणून मूल राहणारच नाही, असं नसतं. आहार-व्यायामाने बीज पुन्हा बाहेर पडू लागलं, तर ते पहिली पाळी येण्याच्या आधी पडतं. इतक्यात मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचं साधन त्या दिवसांतही वापरायलाच हवं.