इतवारीतून ओहोटी गाठताना

नागपूरच्या इतवारीतल्या शाळेची सहल कोकणात न्यायची, तर गाडीच्या आरक्षणाआधी भिंतीवरचे पंचांग पाहा. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून हे गणित आधी.

तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची अदमासे वेळ मिळते, असा कोकणातला जुना ठोकताळा आहे. द्वितीयेला २ × ३/४ = दीड, म्हणजे दुपारी आणि रात्री दीडला भरती; साधारण साडेसातला ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, पाऊण तास आला तो त्यातून. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावे.

खडकांवरचे जीव पाहायला पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन दिवस उत्तम. उधाणात पाणी फार दूर हटते. अष्टमीच्या भांगाला खडक फारसे उघडे पडत नाहीत (आणि सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असतात!).

ओहोटीच्या तासभर आधी उतरावे, पाणी वळले की परतावे. चढते पाणी सुरुवातीला संथ असते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगवान. शिवाय खडकांमागच्या सखल घळी आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. ठोकताळा तासाभराने चुकू शकतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि गावच्या कोळ्यांना विचारून पक्की करावी.